कोलाऱ्याजवळचं दोन खोल्यांचं घर, बिल माझं मी भरून

पैशाचं आधी सांगते. खोलीचे रात्रीला १,२०० रुपये, जेवणाचं ताट २०० रुपये, सकाळचा चहा-नाश्ता खोलीच्या भाड्यातच. सगळे पैसे माझे मी भरले आणि वहीच्या पानावर का होईना, हिशेब लिहून घेतला. मी लिहिणारी आहे हे जाताना सांगितलं नव्हतं. पैसे चुकते झाल्यावर, निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. ताडोबाच्या सफारीचे पैसेही इतर पर्यटकांसारखे ऑनलाइन भरले. या घराशी माझं नातंगोतं नाही आणि हे लिहिण्याबद्दल मला कुणी काही देऊ केलेलं नाही. मी वरोऱ्याची, म्हणून चंद्रपूर जिल्ह्याबद्दल मला माया आहे. तेवढा कल धरून पुढचं वाचा.

ही माहिती बहुतेक ठिकाणी शेवटी बारीक टाइपात असते, किंवा नसतेच. मला ती सुरुवातीलाच द्यावीशी वाटते. वाचणारा माणूस वर्षातून एकदा सुटी काढतो, लेकरांना वाघ दाखवायचा म्हणून पैसे बाजूला टाकतो आणि आम्ही लिहिलेलं वाचून जागा ठरवतो. लिहिणाऱ्यानं कुणाचं मीठ खाल्लं हे कळल्याशिवाय त्यानं आमच्या शब्दाचं वजन करायचं तरी कसं?

घराचं नाव मात्र देणार नाही. त्या संध्याकाळी घरच्या यजमानीण काकू सपरीत (ओसरीत) तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, काकू, मी प्रवासाबद्दल लिहिते, तुमच्या घराबद्दल लिहू का? त्यांनी सूप बाजूला ठेवलं. ‘लिही ना पोरी. पण नाव नको टाकू, अन् फोन नंबर तं बिलकुलच नको. दोन खोल्या हायेत मापल्या. लोकं आले तं मी कुठं ठेवू त्याइले?’ नाव न टाकता काय लिहिलं तर चालेल हेही मी विचारलं. गावाची दिशा चालेल, ताटातले पदार्थ चालतील, सुनेचं आणि नातीचं नाव नको, असं त्यांनी नीट विचार करून सांगितलं. म्हणून इथं एवढंच: चिमूर तालुका, ताडोबाच्या कोलारा गेटच्या बाजूचं एक गाव. त्या पट्ट्यात अशी घरगुती सोय करणारी बरीच घरं आहेत, गेटवर किंवा चहाच्या टपरीवर विचारलं की लोक पत्ता सांगतात. तुम्ही ज्या घरी जाल तिथं काय बघायचं, काय विचारायचं, किती पैसे वाजवी, याचा अंदाज या एका घरावरून यावा अशी माझी अपेक्षा आहे.

पुढचं घर जुनं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. मागच्या अंगाला दोन सिमेंटच्या खोल्या नव्या बांधल्यात, त्यांवर स्लॅब आहे. मार्चच्या शेवटी चंद्रपुरात स्लॅबच्या खोलीचं काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला सांगायलाच हवं. दुपारी दोन ते सहा त्या खोलीत बसवत नाही. कूलर एकाच खोलीत आहे आणि मला दुसरी खोली मिळाली. रात्री पंखा गरम हवा फिरवत राहिला. पहाटे तीननंतर गारवा आला तेव्हा कुठं झोप लागली. गादी कापसाची, कडक पण स्वच्छ. चादरीला उन्हात वाळल्याचा वास. मच्छरदाणी भोक नसलेली. या तीन गोष्टींसाठी काकूंना पूर्ण मार्क.

संडास-न्हाणीघर अंगणापलीकडे आहे, कोठ्याला (गोठ्याला) लागून. दिवसा काहीच अडचण नाही. रात्री मात्र एकटीनं जायचं नाही, काकूंना उठवायचं, असा नियम त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितला. बिबट कुत्र्यामागं गावात येतो. काकू बॅटरी आणि काठी घेऊन माझ्यासोबत येत, दाराबाहेर उभ्या राहत आणि मोठ्यानं बोलत राहत. अशा गोष्टीला लेखात ‘थरार’ म्हणायची फार सवय लागली आहे. काकूंच्या घरात तो थरार बाराही महिने आहे आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. तुमच्यासोबत म्हातारी माणसं किंवा रात्री उठणारी लहान मुलं असतील, तर खोलीला लागून न्हाणी असलेलं घर शोधा.

जेवणाबद्दल मात्र हात राखून लिहिण्याचं कारण नाही. पहिल्या रात्री भात, तुरीचं घट्ट वरण, वांग्या-आलूची रस्सेदार भाजी, वरून मूठभर सांबार (कोथिंबीर), भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. वडे तव्यावर नाहीत, कढईत तळलेले, आत ओवा आणि लसूण. ते गरम असताना वरणात बुडवून खायचे असतात हे मला नातीनं दाखवलं. दुसऱ्या सकाळी तांदळाचे आयते (घावनासारखे) झाले, कडेनं कुरकुरीत, मधे जाळीदार, सोबत गूळ आणि भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी. सफारीला पहाटे निघायचं म्हणून काकूंनी त्यातलेच चार पळसाच्या पानात बांधून दिले. जाताना डब्यात मोहफुलांचे लाडू होते. वाळवलेली फुलं भाजून तिळासोबत कुटतात, साखर लागत नाही. दोनशे रुपयांत असं ताट मी विदर्भात कुठल्याही रिसॉर्टच्या बुफेत बघितलेलं नाही. तिथं सावजीच्या नावाखाली तेलाचा तवंग आणि पनीर असतं, आणि पाटी ‘अस्सल गावरान’.

काकू मोह वेचायला जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात, गुरं आणि हरणं यायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया अंधारात घर सोडतात. एकटी कुणी जात नाही, चार-पाच जणी मिळून, मोठ्यानं बोलत जातात. मला सोबत यायचं होतं, काकूंनी साफ नाही म्हटलं. उजाडल्यावर नात मला धानाच्या बांध्यांपर्यंत घेऊन गेली, तिथून पुढं झाडाखाली वाकलेल्या बाया दिसत होत्या. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोबावरचे प्रवासलेख मी गठ्ठ्यानं वाचते. वाघिणींची नावं, त्यांच्या पिल्लांची वंशावळ सगळी असते, आणि त्याच जंगलात पायी जाणारी बाई कुठंच नसते. माझ्या मते हा नुसता विसर नाही. रिसॉर्टच्या पैशानं आलेल्या माणसाला ती बाई दाखवलीच जात नाही. त्याची सकाळ जिप्सीत जाते, दुपार तरणतलावावर आणि संध्याकाळ पुन्हा जिप्सीत.

फोटोबद्दल काकू म्हणाल्या, ‘तोंड नको. टोपली काढ.’ म्हणून माझ्याकडं फक्त टोपलीचा फोटो आहे.

त्यांच्या या सावधपणाला कारण आहे. आदल्या हिवाळ्यात एक व्हिडिओवाला सहकुटुंब राहून गेला. ‘तुमची जाहिरात करून देतो, पैसे नका घेऊ’ असं सांगून तो आला, आणि पैसे न देताच गेला. दोन्ही खोल्या, चार माणसांचं तीन वेळचं खाणं, वर मुलांना दूध. हे त्या घराचं आठवड्याभराचं उत्पन्न असेल. व्हिडिओत त्यानं हे कुठंही सांगितलं नाही. उलट शेवटी ‘एवढ्या कमी पैशात’ असा शब्द आहे. चुलीपुढं बसलेल्या सुनेचं चित्रण तिला न विचारता केलं. घर कुणब्यांचं, त्याला ‘आदिवासी झोपडीतला अनुभव’ असं नाव दिलं. फोन नंबर मोठ्या अक्षरात टाकला. वाघ दिसणारच, अशी हमीही दिली. मग रात्री अकरा-बाराला फोन येऊ लागले. लोक न कळवता गाड्या घेऊन दारात उभे राहू लागले, काही जण ‘व्हिडिओत तर फुकट होतं’ म्हणून भाव करू लागले, आणि वाघ दिसला नाही म्हणून एकानं खोलीचे पैसे परत मागितले. काकूंनी शेवटी ते सिमकार्डच बदललं. जुने, वर्षानुवर्षं येणारे पाहुणे त्या नंबरासोबत गेले.

हे ऐकल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि माझ्या धंद्यातल्या लोकांपुढं ती मी ठामपणे मांडते. फुकट राहण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा मोठं हॉटेल डोळ्यांपुढं असतं, आणि वाटतं, त्यांना काय फरक पडतो? खोल्या रिकाम्याच असतात. पण आता फुकट मागणारे लहान घरांपर्यंत पोचलेत. मोठ्या रिसॉर्टसाठी ते जाहिरातीच्या खर्चात बसतं. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्याच्या ताटातला भात हा घरच्या धानाचा असतो.

मोठ्या ठिकाणांची रीत वेगळी आहे. त्यांची फॅम ट्रिप असते, म्हणजे जागेची ओळख व्हावी म्हणून त्यांच्याच खर्चानं काढलेली सहल. नागपूर, पुणे, मुंबई इथल्या सहा-आठ लिहिणाऱ्यांना एकत्र नेतात. विमानतळावर गाडी, तळ्याकडं तोंड असलेली खोली, आधीच राखलेली जिप्सी, रात्री शेकोटीजवळ मालकासोबत जेवण, निघताना एक पिशवी. मलाही बोलावणी येतात. मी जात नाही. जाणारे सगळे खोटं लिहितात असं मी म्हणणार नाही, त्यांतले काही माझ्याहून बरं लिहितात. पण त्यांना जे दाखवलं जातं ते तुम्हाला मिळणारं नसतं. जनरेटरला लागून असलेली मागची खोली त्यांना कधी मिळत नाही. सफारीचं बुकिंग उघडल्या उघडल्या संपलेलं त्यांना दिसत नाही. मंगळवारी ताडोबा बंद असतो हे ठाऊक नसताना सोमवार-मंगळवारची खोली आरक्षित करून बसलेलं कुटुंब त्यांना भेटत नाही. आणि शेकोटीपाशी ज्याच्यासोबत जेवलात त्याच्या संडासाबद्दल दुसऱ्या दिवशी लिहायला हात अडखळतोच, कितीही प्रामाणिक माणूस असो.

याबद्दल नियम नाहीत असं नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या पत्रकारितेच्या निकषांत आर्थिक पत्रकारांसाठी स्पष्ट लिहिलेलं आहे की भेटवस्तू, कर्ज, सहली, सवलती घेऊ नयेत, आणि कंपनीच्या खर्चानं तिची जागा बघायला गेलात तर सहल कंपनीच्या पैशानं झाली आणि पाहुणचारही तिचाच होता हे बातमीत न चुकता सांगावं. हे शेअर बाजाराच्या बातम्या देणाऱ्यांसाठी लिहिलं असलं, तरी त्यातला ‘कंपनी’ शब्द काढून ‘रिसॉर्ट’ घाला, बाकी एक अक्षर बदलावं लागत नाही. जागतिक पर्यटन संघटनेनं (आता ती संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे) १९९९ मध्ये सँटियागोला जी पर्यटनाची आचारसंहिता स्वीकारली, तिच्यात तर प्रवासविषयक पत्रकारांचं नाव घेऊन म्हटलंय की त्यांनी प्रामाणिक आणि समतोल माहिती द्यावी.

व्हिडिओवाल्यांसाठीही आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जाहिरातदाराशी असलेला जो संबंध उघड करायचा, त्यात रोख पैशाबरोबर फुकट वस्तू, सवलत, सहल आणि हॉटेलातला मुक्काम हेही मोजलं आहे. हा खुलासा हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचा नाही, आणि व्हिडिओत तो ऐकूही आला पाहिजे, दिसलाही पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. काकूंच्या घरी राहून गेलेल्या माणसाला यातलं काही लागू पडतं हे काकूंना माहीतही नव्हतं. मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे, कोण जाते त्या भानगडीत.’ तक्रार करायची की नाही हा त्यांचा निर्णय आहे आणि मी त्यांना भरीस घातलं नाही. पण पुढच्या वेळी असा कुणी आला तर आधी कागदावर लिहून घ्या, हे सुनेला आवर्जून सांगितलं.

आता सफारी. घरातला एक मुलगा गाईड आहे, पण गेटवर गाईड पाळीनं लागतो आणि मला तेच हवं होतं. घरच्या माणसानं घरच्या पाहुण्याला जंगल दाखवलं तर ते या लेखाच्या कामाचं राहिलं नसतं. माझ्या वाट्याला एक बाई आल्या, शेजारच्याच गावच्या. त्यांच्यासारखी गाईड मिळाली तर वाघ नाही दिसला तरी पैसे वसूल समजा. पळसाचा बहर ओसरत आला होता. त्यांनी धावडा, ऐन, तेंदू, मोह ही झाडं पानांवरून नाही, सालीवरून ओळखायला शिकवलं. सांबराचा आवाज आणि चितळाचा आवाज यांतला फरक, माकड कधी खरं ओरडतं आणि कधी उगाच, हे सगळं हळू आवाजात, गाडी बंद करून.

ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना गेलेला गावचा प्रमुख तो, गोंड त्याला देव मानतात, पौषात तिथं जत्रा भरते. आमच्या गाईडबाईंनी ही गोष्ट सांगताना ‘आमच्या आजीनं सांगितलं ते सांगते’ असं म्हणून सुरुवात केली. कुणाकडून ऐकलं ते आधी सांगायचं, एवढं साधं. मी कितीतरी लेखांत तारूला ‘गूढ आदिवासी दैवत’ झालेलं वाचलंय, आणि लिहिणारा एकाही गोंड माणसाशी बोलल्याचं त्यात दिसत नाही. तसंच ‘माणसाचा पाय न लागलेलं जंगल’. नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावं त्या जंगलात होती, लोक उठवले गेले, आणि नवेगाव-जामणीच्या ज्या कुरणांत आज जिप्सी थांबवून वाघाची वाट बघतात तिथं त्यांची शेतं होती. गाईडबाईंनी ते बोट करून दाखवलं. हे लिहायला रिसॉर्टची परवानगी लागत नाही, फक्त विचारावं लागतं.

वाघीण दिसली. कुठल्या पाणवठ्यावर, किती वाजता, हे लिहिणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून जिप्सींनी अडवले. त्याचे व्हिडिओ फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतल्या लोकांना ‘वाघ इथंच दिसतो’ हे कुणी शिकवलं? थोडं आपणही. वाघिणीचं नाव, तिचं पाणी, तिची वेळ असं सगळं छापत गेलो, आणि मग गिऱ्हाईक त्याच अपेक्षेनं आलं, गाईड-ड्रायव्हरच्या मागं लागलं. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, आणि मला तो नियम फार आवडला. जिप्सीत सहा जण असून कुणीही मान खाली घालून बसलं नव्हतं.

गाईडबाई त्यांच्या कामाबद्दल बरंच बोलल्या. बक्षिशीबद्दल, वाघ दिसला नाही तर पाहुणे कसं बोलतात त्याबद्दल, आणखीही काही. त्यातलं बरंचसं मी इथं टाकलेलं नाही. त्यांना माहीत नव्हतं की त्या लिहिणाऱ्या बाईशी बोलत आहेत, आणि गेटवर त्यांची पाळी उद्याही लागायची आहे. ओळख न सांगता गेलं तर जागेचा खरा अनुभव मिळतो. पण त्या अनुभवात माणसं जे विश्वासानं बोलतात ते आपलं होत नाही. आजीच्या गोष्टीपुरतं त्यांना नंतर गेटवर विचारलं, त्यांनी हो म्हटलं, म्हणून ते आलं.

घराबद्दलच्या माझ्या तक्रारी मी लेख लिहिण्याआधी काकूंना वाचून दाखवल्या. लेख दाखवला नाही, माझं मत त्यांच्याकडून पास करून घ्यायचं नव्हतं. पण चूक काही असेल तर दुरुस्त व्हावी आणि त्यांचं म्हणणंही यावं, एवढ्यासाठी. कूलरबद्दल त्या म्हणाल्या, यंदा सोयाबीनला भाव नाही मिळाला, पुढच्या उन्हाळ्यात घेऊ. न्हाणीघराबद्दल म्हणाल्या, खोलीला लागून बांधलं तर भाडं वाढवावं लागेल, मग तुमच्यासारखी एकटी बाई कशी येईल? तो मुद्दा मला पटला. रस्त्याबद्दल त्यांनी हात वर केले. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा तुकडा उखडलेला आहे, दुचाकी जपून आणा.

एक गोष्ट राहते, तीही बोललीच पाहिजे. जिल्ह्यातल्या पुरवणीत लेख लिहून जे मानधन मिळतं त्यात सफारीची एक सीटही येत नाही. म्हणून लिहिणारे फुकटची निमंत्रणं घेतात, आणि त्यांच्यावर नुसतं बोट रोखणं मला बरं वाटत नाही. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न खरा आहे. माझ्यापुरतं मी असं करते की एसटीनं पोचता येईल तेवढ्यातलंच लिहिते. वरोऱ्याहून चिमूर, चिमूरहून पुढं ऑटो. मेळघाट, लोणार, नागझिरा सगळं याच हिशेबात बसतं, फक्त पैसे साठवायला वेळ लागतो आणि लेख कमी होतात. ज्याला हे जमत नाही त्यानं निमंत्रण घ्यावं, पण पहिल्या परिच्छेदात, मराठीत, सरळ लिहावं: मला या रिसॉर्टनं बोलावलं, राहणं-खाणं-सफारी त्यांच्या पैशानं झाली. संपादकांनी ती ओळ कापू नये. आणि लहान घराकडून कुणी फुकट मागू नये, कुठल्याच कारणानं. इथं माझ्याकडं दुसरी बाजू नाही.

तर घराबद्दल माझं मत. जेवणाला पाचपैकी पाच. स्वच्छतेला चार. खोलीला मार्च ते जूनमध्ये दोन, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बहुधा चार, कारण अडचण उकाड्याचीच आहे. यजमानांना गुण देणं मला बरोबर वाटत नाही, त्या काही विकायला ठेवलेली वस्तू नाहीत, पण रात्री दोनदा उठवलं तरी त्यांच्या तोंडावर आठी आली नाही एवढं सांगते.

जायचं असेल तर: मंगळवार टाळा, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं हे लक्षात ठेवा. गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या सफाऱ्यांचं वेगळं विचारा. घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी कळवल्याशिवाय जाऊ नका, धान्य निवडण्यापासून तयारी असते. खायचं काय चालत नाही ते तेव्हाच सांगा. भाव करू नका, आधी विचारा आणि परवडत नसेल तर दुसरं घर बघा. फोटो काढायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, यजमानीण हो म्हणाली म्हणजे सून हो म्हणाली असं नाही. गावात फोनची रेंज येते-जाते, तेव्हा ऑनलाइन पैशावर विसंबू नका, रोख ठेवा. आणि चिमूरहून दिवस मावळायच्या आत निघा, कोलारा रस्त्यावर अंधारात जनावरं असतात.